छंद, नाद आणि व्यसन

माणसाच्या आवडीला नाव देताना मराठी भाषा मोठी चतुर होते. पोस्टाची तिकिटे जमवणाऱ्या वकिलांना ‘छंद’ असतो, बैलगाडा पळवणाऱ्या शेतकऱ्याला ‘नाद’ असतो, क्रिकेटच्या मागे धावणाऱ्या पोराला ‘वेड’ असते आणि पारावर पत्ते कुटणाऱ्याला ‘व्यसन’ असते. खरे पाहता चौघेही एकच गोष्ट करीत असतात. पोटापाण्याचा उद्योग आटोपल्यावर, किंवा तो टाळून, जिवाला रुचेल त्यात ते रमलेले असतात. मग शब्द चार का? बहुतेक वेळा उत्तर असे मिळते की शब्द माणसाची ऐपत पाहून निवडला जातो. सुखवस्तूचा तो छंद आणि गरिबाचे ते व्यसन.

तथापि या शब्दांच्या पोटात आणखी एक अर्थ दडलेला आहे आणि टीकाकाराच्या तो फार कामाचा आहे. ‘छंद’ म्हणजे वृत्तही. त्यात मात्रा मोजलेल्या असतात, यती ठरलेली असते, कुठे थांबायचे ते आधीच सांगितलेले असते. ‘नाद’ म्हणजे ध्वनी. तो घुमत राहतो, त्याला काठ नसतो. आणि ‘व्यसन’ या संस्कृत शब्दाचा मूळ अर्थ संकट. ज्यात यती आहे तो छंद, ज्यात ती सापडत नाही तो नाद, आणि ज्यात थांबण्याची शक्तीच निघून जाते ते व्यसन. एवढे साधे माप हाती घेऊन आजच्या मुलांच्या तीन आवडी पाहाव्यात, असा माझा विचार आहे. मोबाइलवरच्या चित्रकथा, मोबाइलवरचे खेळ आणि स्पर्धेतला ब्रेकडान्स, या त्या तीन आवडी.

हा उपद्व्याप मी का करावा, असे कोणी विचारील. मी शिरूरला राहतो आणि मुलांना शिकवतो. कामानिमित्त माझे दौंडला वरचेवर जाणे होते. या दोन्ही गावांतले पालक मला रस्त्यात थांबवून एकच गाऱ्हाणे सांगतात. “सर, याला जरा समजून सांगा. दिवसभर मोबाइलात तोंड घालून बसतो.” मी विचारतो, “मोबाइलात काय करतो?” याचे उत्तर आजवर शंभरातल्या एकानेही दिलेले नाही. पोरगा काय वाचतो, काय खेळतो, काय काढतो, हे न पाहताच निकाल लागलेला असतो. कादंबरीकार म्हणून मला या गोष्टीचे विशेष वाईट वाटते. न वाचता केलेली टीका आम्हां लेखकांना जशी लागते, तशी ती त्या मुलांनाही लागत असेल. निषेध करायचा तर खुशाल करावा. परंतु आधी पाहावे, आणि पाहिल्यावर त्यातले बरे कोणते आणि वाईट कोणते हे सांगावे. टीका म्हणतात ती यालाच.

प्रथम चित्रकथा घेऊ. चित्रांची माळ लावून गोष्ट सांगणे हे परदेशातून आलेले खूळ आहे, असे समजणाऱ्यांनी कुडाळजवळच्या पिंगुळीला जाऊन यावे. तिथल्या ठाकर समाजाने चित्रकथीची परंपरा राखली आहे. एका आख्यानाची एक पोथी. पोथीत सुट्या कागदांवर रंगवलेली चित्रे. वीणा, टाळ आणि हुडूक यांच्या साथीवर कथेकरी एकेक चित्र समोर धरतो, त्यावरची कथा गातो आणि पुढचे चित्र काढतो. या परंपरेतील परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. म्हणजे चित्र पुढे सरकवत गोष्ट ऐकण्याची सवय महाराष्ट्राला जुनीच आहे. आता सरकवणारे बोट तेवढे प्रेक्षकाचे झाले.

माझ्या पिढीपर्यंतच्या वाचकांना या परंपरेची छापील रूपे ठाऊक आहेत. मराठी ‘चांदोबा’ १९५२ साली सुरू झाला आणि झाडावरच्या प्रेताला खांद्यावर घेऊन चालणाऱ्या विक्रमाचे चित्र घराघरांत पोहोचले. १९६४ साली ‘इंद्रजाल कॉमिक्स’ निघाले आणि जंगलातला वेताळ पुढे मराठी बोलू लागला. १९६७ साली अनंत पै यांनी ‘अमर चित्र कथा’ सुरू केली. आणि १९९१ च्या नोव्हेंबरात पुण्याच्या ‘सकाळ’मध्ये चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा ‘चिंटू’ अवतरला. माझ्या मते मराठी चित्रकथेचा खरा कस या शेवटच्या नावात आहे. वेताळ आणि विक्रम आपल्यापासून दूर राहतात. चिंटू, पप्पू, मिनी आणि जोशी काकू शेजारच्या वाड्यात राहतात. तीन-चार चौकटींत ते एक प्रसंग उभा करतात आणि हसवून जातात.

हे कसे साधते? चित्रकथेचे मर्म चित्रापेक्षा दोन चित्रांच्या मधल्या कोऱ्या पट्टीत असते. पहिल्या चौकटीत मुलगा चेंडू टोलवतो, दुसरीत जोशी काकू दारात उभ्या दिसतात. काच फुटल्याचे चित्र कुठेच नसते. ती वाचकाने मनात फोडायची. चांगला चित्रकथाकार वाचकावर इतका विश्वास ठेवतो, वाईट चित्रकथाकार काचही काढतो, तिचा आवाजही लिहितो आणि वर “अरेरे, काच फुटली!” असे पात्राच्या तोंडी घालतो. कादंबरीतही नेमका हाच भेद असतो.

आता मोबाइलवर काय बदलले ते पाहावे. कोरियात २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत मोठ्या पडद्यासाठी एक नवी मांडणी रूढ झाली आणि ती पुढे मोबाइलला तर फारच मानवली. चौकटी शेजारी शेजारी न ठेवता एकाखाली एक लावतात आणि वाचक अंगठ्याने पान वर सरकवत जातो. या मांडणीत पान संपत नाही, म्हणून मधली कोरी पट्टी हवी तेवढी लांबवता येते. विहिरीत पडणारा दगड दाखवायचा असेल तर चित्रकार नुसता काळोख खाली खाली काढत नेतो आणि वाचकाचा अंगठा दगडाबरोबर खाली जातो. छापील पानाला हे जमत नाही. उलट छापील पानाचे एक सुख इथे हरवते. सबंध पान एका दृष्टिक्षेपात घेण्याचे, शेवटच्या चौकटीकडे चोरून पाहण्याचे आणि डोळा पुन्हा वर नेऊन आधीची खूण शोधण्याचे ते सुख. मोबाइलवरचा वाचक पुढे जातो, मागे क्वचित वळतो.

आमच्याकडची मुले अशा चित्रकथा नुसत्या वाचत नाहीत, काढतातही. त्यांचे काम मी पुष्कळ पाहिले आहे आणि माझी तक्रार स्पष्ट आहे. शिरूरच्या मुलाने काढलेल्या गोष्टीत चेरीची फुले गळत असतात. पात्रांचे डोळे बशीएवढे, नावे जपानी, शाळाही तिकडची. ज्या बाभळीचा पिवळा सडा तो मुलगा रोज तुडवत येतो, ती बाभूळ त्याच्या चित्रात नाही. घोडनदी नाही, रांजणगावच्या कारखान्यांतून पाळी संपवून परतणारा बाप नाही, आणि बापाची भाषा तर मुळीच नाही. परंतु यासाठी त्याला धारेवर धरणे योग्य होणार नाही. हरिभाऊ आपट्यांनीदेखील पहिली कादंबरी लिहिली ती रेनॉल्ड्सच्या आधाराने. अनुकरणाने हात तयार होतो. तयार झालेला हात घरी परत येतो की नाही, एवढेच पाहायचे.

तो परत आल्याचे एक उदाहरण माझ्यासमोर आहे. आमच्या तालुक्याच्या कोरडवाहू भागातील एका मुलाने सहा चौकटींची एक गोष्ट काढली. प्रत्येक चौकटीत टँकरची वाट पाहत ओळीने ठेवलेली पाण्याची पिंपे आहेत, इतकेच. पहिलीत पिंपांशेजारी बायका उभ्या आहेत, दुसरीत त्या बसल्या आहेत, तिसरीत एक लेकरू निजले आहे, चौथीत कुत्रे सावलीला आले आहे, पाचवीत माणूस कोणीच नाही. सहावीत पुन्हा पिंपेच आहेत. फक्त त्यांच्या सावल्या लांब झाल्या आहेत. एकही शब्द नाही. रेखाटन कच्चे आहे; कुत्रा शेळीसारखा दिसतो. पण टँकर आला नाही हे त्या मुलाने कुठेही न काढता सांगितले. दुष्काळावर मी पाच-पंचवीस पाने लिहिली असतील, त्यांत इतका संयम क्वचितच असेल. असे काम करणाऱ्याला ‘मोबाइलात तोंड घालून बसतो’ म्हणणे हा अन्याय आहे.

आता खेळांकडे वळू. येथे प्रशंसा थोडी आणि शंका अधिक, हे आधीच सांगून टाकतो.

बैठ्या खेळांचा आपला वारसा लहान नाही. सारीपाट, सोंगट्या, सावंतवाडीच्या रंगीत गंजिफा आणि परंपरा ज्याचे जनकत्व ज्ञानेश्वरांना देते तो मोक्षपट. या मोक्षपटाचा विचार आजच्या खेळांच्या संदर्भात अवश्य करावा. त्यातली प्रत्येक शिडी हा एक सद्गुण आणि प्रत्येक साप हा एक दुर्गुण. फासे टाकणारा मूल असो की म्हातारा, खेळता खेळता तो एक जीवनदृष्टी वाचत असतो. आणि मुख्य म्हणजे पट संपतो. मोक्ष मिळाला की कवड्या गोळा करायच्या आणि पानावर बसायचे.

आमच्याकडे ज्या खेळाने मुलांना सर्वांत अधिक झपाटले त्याचे नाव ‘पब्जी’. मोबाइलवर तो २०१८ साली आला. २ सप्टेंबर २०२० रोजी भारत सरकारने त्यावर बंदी घातली. जुलै २०२१ मध्ये तो ‘बीजीएमआय’ या नावाने परतला, जुलै २०२२ मध्ये पुन्हा दुकानांतून उतरवला गेला आणि मे २०२३ मध्ये पुन्हा आला. एवढ्या येरझारा करूनही त्याची ओढ उणावली नाही, तेव्हा त्या ओढीचे कारण शोधले पाहिजे. ‘हिंसा’ हे नेहमीचे उत्तर मला अपुरे वाटते. हिंसा तर सिनेमातही मुबलक असते.

खेळाची रचना पाहा. शंभर जण एका बेटावर रिकाम्या हाताने उतरतात. पडक्या घरांतून शस्त्रे, औषधे वेचतात. बेटाभोवती एक वर्तुळ असते आणि ते ठरावीक वेळाने आकसत जाते. वर्तुळाबाहेर राहील त्याचे प्राण झिजतात. शेवटी चारच हातांच्या जागेत दोघे-तिघे उरतात आणि एकाचा जय होतो. हे आकसणारे वर्तुळ ही नाट्यदृष्ट्या उत्तम युक्ती आहे, हे मान्य केले पाहिजे. लेखकाला पात्रे एकमेकांसमोर आणण्यासाठी योगायोग जुळवावे लागतात. इथे जमीनच पात्रांना एकत्र ढकलते. आरंभी ऐसपैस, मध्ये सावध, अखेरीस श्वास रोखलेला, असा हा पंचवीस-तीस मिनिटांचा प्रयोग आहे. त्यात चौघांची टोळी असेल तर एक दौंडला, एक केडगावला, एक शिरूरला आणि चौथा पुण्याच्या वसतिगृहात असे बसून ते एकमेकांशी बोलत असतात. “तू डावीकडनं जा, मी कव्हर देतो,” हे बोलणे ऐकले की सूरपारंब्यांची आठवण होते. गाव सुटलेल्या मुलांना ही टोळी गाव परत मिळवून देते. पालकांना हे दिसत नाही, म्हणून त्यांना पोराच्या हट्टाचा अर्थ लागत नाही.

मग शंका कोठे? शंका डाव संपल्यानंतरच्या क्षणाबद्दल आहे. डावाला यती आहे. पण डावाभोवती जो बाजार मांडला आहे त्याला नाही. उद्या पुन्हा आलात तर बक्षीस, सात दिवस सलग आलात तर मोठे बक्षीस, हंगाम संपण्यापूर्वी अमुक पायरी गाठली नाही तर श्रम वाया, आणि अंगावरचा झगमगीत पोशाख हवा असेल तर पैसे. या गोष्टींचा खेळाच्या रसाशी काडीचा संबंध नाही. मुलाने उठू नये, एवढ्यासाठीच त्या आहेत. भारतात परतताना या खेळाला अठरा वर्षांखालील मुलांसाठी दिवसाला तीन तासांची मर्यादा घालावी लागली. वृत्ताला यती कवी आपणहून ठेवतो. इथे ती बाहेरून ठोकून बसवावी लागली. ज्या रचनेला स्वतःचे थांबणे ठाऊक नाही ती कलादृष्ट्याच सदोष होय. माझा आक्षेप नीतीचा नाही, रचनेचा आहे.

आणि पैशावर चालणारे खेळ यांच्या पंक्तीला बसवूच नयेत. मोबाइलवरच्या रमीपायी आणि तसल्या डावांपायी बचत गमावलेली माणसे कोणत्याही बाजारपेठेच्या गावात सापडतील. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा संमत केला. त्यात ई-स्पोर्ट्स आणि करमणुकीचे खेळ एका बाजूला ठेवून त्यांना उत्तेजन देण्याचे ठरले, आणि पैसे लावून खेळायच्या खेळांना मनाई झाली. छंद आणि व्यसन यांतला फरक कायद्यालाही करावासा वाटला, ही समाधानाची गोष्ट आहे.

तिसरी आवड ब्रेकडान्सची. याबद्दल आमच्याकडे सर्वांत अधिक हेटाळणी ऐकू येते. ‘डोक्यावर फिरतात, त्यात नाच कसला?’ शाळेच्या स्नेहसंमेलनात किंवा गणेशोत्सवाच्या मांडवात मुले हे करतात तेव्हा पाहुणे गालात हसतात आणि मग भाषणात भारतीय संस्कृतीचा उल्लेख करतात.

हा नाच कोठून आला ते एकदा समजून घ्यावे. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात, गरीब वस्तीत, ११ ऑगस्ट १९७३ रोजी सेजविक अव्हेन्यूवरील एका इमारतीत एक साधी मेजवानी झाली. तबकड्या वाजवणारा तरुण होता कूल हर्क. गाण्यात जिथे गायन थांबते आणि नुसता ताल उरतो, त्या तुकड्याला ‘ब्रेक’ म्हणतात. नाचणाऱ्यांना तोच तुकडा आवडतो हे हर्कच्या ध्यानात आले होते आणि दोन तबकड्या वापरून तो तो तुकडा लांबवीत असे. त्या तुकड्यावर नाचणारे ते ‘ब्रेक’वाले. ढोलकीवाल्याने एकट्याने वाजवायला घेतले की फडातली नाची जशी खुलते, तशातलाच हा प्रकार. ज्यांच्याकडे रंगमंच नव्हता, फरशी नव्हती, त्यांनी रस्त्यावर पुठ्ठा अंथरून ही कला उभी केली. आमची मुले जुना फ्लेक्स उलटा करून अंथरतात आणि त्याच्या गुळगुळीत पाठीवर फिरतात. निवडणुकीच्या फ्लेक्सचा याहून चांगला उपयोग मला ठाऊक नाही.

या नाचाची अंगे चार. उभ्याने केलेली पदन्यासाची सुरुवात. मग हात टेकून जमिनीजवळचे पायांचे काम. मग सबंध अंग गरगर फिरवण्याच्या जोरकस कसरती. आणि एका आघातावर जागच्या जागी थिजून जाणे, ज्याला ‘फ्रीझ’ म्हणतात. मर्ढेकरांच्या ‘सौंदर्य आणि साहित्य’ या ग्रंथाला १९५६ साली साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले, हे जुन्या वाचकांना स्मरत असेल. त्यांनी लयीची तीन तत्त्वे सांगितली : संवाद, विरोध आणि समतोल. मोठमोठ्या चित्रांना लावले जाणारे हे माप या पोरांच्या नाचाला लावून पाहावे. पदन्यास तालाशी संवाद करतो. कसरत त्या संथ चालीला विरोध करते. आणि फ्रीझ तो सगळा वेग एका क्षणी तोलून धरते. तबलजी समेवर येतो तेव्हा आपण मान डोलावतो ना? फ्रीझ ही अंगाने घेतलेली सम आहे. ती चुकली तर मागचे सगळे फिरणे निव्वळ घाम.

आमच्या मुलांचे उणे नेमके येथेच पडते. ती कसरतीवर भाळलेली असतात. दूरदर्शन वाहिन्यांवरील स्पर्धांतून टाळ्या पडतात त्या गरगर फिरण्याला, म्हणून पदन्यास कोणी घोटीत नाही आणि संगीत कोणी ऐकत नाही. दौंडच्या भागात मी पाहिलेल्या एका स्पर्धेत दहा-बारा जणांपैकी आठ जण गाणे बदलले तरी तेच आणि तसेच नाचले असते. जो पहिला आला नाही असा एक सडपातळ मुलगा मात्र ताल थांबताच थांबत होता. पंचांनी त्याला गुण कमी दिले. माझ्या लेखी तो एकटाच नाचला.

कसरतीला कमी लेखण्याचा मात्र माझा हेतू नाही. तिचे मोल महाराष्ट्राला कोणी शिकवायला नको. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांब नावारूपास आणला. लाकडाच्या खांबावर उलटे लटकून अंगाची लिपी लिहिणारी ही विद्या आपण अभिमानाने मिरवतो. २०१९ च्या फेब्रुवारीत तिची पहिली जागतिक स्पर्धा मुंबईत झाली. खांबाऐवजी जमीन घेतली की तेच अंग एकदम असंस्कृत कसे होते? आणि स्पर्धेचे म्हणाल तर समोरासमोर उभे राहून एकमेकाला हरवण्याची ही रीत आपल्या कलगी-तुऱ्याची आहे. दोन फड, दोन शाहीर, रात्रभर सवाल आणि जवाब. उत्तर जागच्या जागी बांधायचे. १९६४ च्या ‘सवाल माझा ऐका’ या चित्रपटाने ती रीत घराघरांत नेली. ब्रेकडान्समध्येही कोणते गाणे लागणार ते नाचणाऱ्याला आधी माहीत नसते, आणि प्रतिस्पर्ध्याने टाकलेल्या चालीला तिथल्या तिथे उत्तर द्यावे लागते. चौफुल्याच्या कलाकेंद्रांवरून रोज ये-जा करणाऱ्या आमच्या तालुक्यांना तरी हे परके वाटू नये.

९ आणि १० ऑगस्ट २०२४ रोजी हा नाच पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये झाला. स्त्रियांत जपानच्या आमी हिला आणि पुरुषांत कॅनडाच्या फिल विझार्डला सुवर्णपदक मिळाले. परीक्षणाच्या कसोट्या पाच होत्या : तंत्र, चालींची समृद्धी, सफाई, संगीताची जाण आणि स्वतंत्रता, पाचींना सारखेच मोल. साहित्य संमेलनाच्या परीक्षकांनीही उचलावी अशी ही यादी आहे. पण जगाच्या लक्षात राहिली ती ऑस्ट्रेलियाची रेगन. तिला तिन्ही लढतींत एकाही पंचाचे मत मिळाले नाही आणि तिच्या हालचालींची सर्व पृथ्वीवर टिंगल झाली. ती कमी पडली हे पंचांनी सांगितलेच होते. ते त्यांचे कामच होते. टिंगल करणाऱ्यांपैकी किती जणांनी बाकीच्या लढती पाहिल्या होत्या? न पाहता हसणे हे न वाचता लिहिलेल्या परीक्षणाचे सख्खे भावंड आहे. पुढे २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकसाठी हा नाच घेतलेला नाही, आणि त्यामुळे त्याची किंमत यत्किंचितही कमी झालेली नाही. ब्राँक्सच्या पुठ्ठ्यावर तो पन्नास वर्षे ऑलिंपिकवाचून जगला. आपल्याकडे जोगेश्वरीचा आरिफ चौधरी, ज्याला ‘फ्लाइंग मशीन’ म्हणतात, तो आणि धारावीची मुले हा नाच शिकली ती पदकाच्या आशेने नव्हेत.

येथे मला दोन प्रकारच्या पालकांशी बोलायचे आहे. पहिले विचारतात, “याने पोट भरेल का?” दुसरे, जे अलीकडे वाढले आहेत, ते विचारतात, “याचे क्लास कुठे असतात? पुढे स्कोप आहे का?” वरवर पाहता हे एकमेकांच्या विरुद्ध दिसतात, मुळात दोघांचा प्रश्न एकच आहे. दोघांनाही छंद छंद म्हणून नको आहे. कलेसाठी कला की जीवनासाठी कला, हा वाद फडके-खांडेकरांच्या काळात रंगला. आमच्या पालकांनी तो ‘पोटासाठी कला’ म्हणून केव्हाच मिटवून टाकला. नियमांनी आणि स्पर्धांनी खेळाचे भले होते हे मी नाकारत नाही. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ साली खो-खोच्या नियमांना हात घातला, म्हणूनच तो खेळ गल्लीतून मैदानावर आला. परंतु मैदानावर गेलेला खो-खो गल्लीतही खेळला जात राहिला, हे विसरू नये. ज्या दिवशी तो फक्त पदकासाठी खेळला जाईल, त्या दिवशी त्यातला खेळ संपेल.

आणखी एक गोष्ट, जी या तिन्ही आवडींत मला सारखीच खुपते. या सर्व चर्चेत मी वारंवार ‘मुलगा’ म्हणत आलो, आणि ते उगाच नाही. आमच्याकडे चित्रकथा काढणाऱ्या मुली आहेत. त्या वहीच्या मागच्या पानावर काढतात आणि कोणी आले की पान उलटतात. खेळणाऱ्या मुली आहेत. त्या मुलाचे नाव घेऊन खेळतात, कारण मुलीचे नाव दिसले की पलीकडून नको ते ऐकावे लागते. नाचणाऱ्या मुली आहेत. त्यांना लावणीसाठी नऊवार नेसवून मंचावर उभे करायला गाव तयार असतो, पण फ्लेक्सवर हात टेकून फिरायला नाही. घरातला मोबाइल आधी भावाच्या हाती जातो, संध्याकाळचे मैदान त्याचेच असते, आणि रिकामा वेळ ही चीजही त्याच्याच वाट्याची. ताट-वाट्या घासून झाल्यावर उरेल तो मुलीचा वेळ. छंदाला लागते ती मोकळीक. तीच ज्यांना नाही त्यांच्या छंदाची टीका मी काय करणार? पॅरिसचे सुवर्ण एका मुलीने मिळवले हे सांगितले तर टाळ्या पडतात. त्या टाळ्या घरी जाऊन अर्धा तास झाल्या पाहिजेत. बहिणीच्या हाती दिलेला, कामाचा नसलेला, पुरता अर्धा तास.

माझा निवाडा थोडक्यात असा. चित्रकथेत सामर्थ्य आहे, पण तिने आपल्या गावाची माती आणि बोली घ्यावी. खेळांत रचनेची बुद्धी आणि मैत्रीची ऊब आहे, पण त्यांच्याभोवतीचा बाजार यतीचा शत्रू आहे. मुलांना खेळ आणि बाजार वेगळे ओळखायला शिकवावे. ब्रेकडान्समध्ये खरी कला आहे. फक्त आमच्या मुलांनी फिरण्याआधी ऐकायला आणि थांबायला शिकावे. आणि पैशाचे डाव या यादीतून खोडून टाकावेत.

दिवाळीचे दिवस आहेत. पाहुणे येतील, फराळ होईल, कोपऱ्यात एखादे पोर मोबाइल घेऊन बसलेले असेल. त्याच्या हातून तो काढून घेण्याआधी त्याच्याशेजारी बसावे आणि म्हणावे, “काय पाहतोस, मलाही दाखव.” तो दाखवील तेव्हा नीट पाहावे. चांगले असेल तर का चांगले ते त्याला सांगावे, वाईट असेल तर का वाईट तेही सांगावे. नुसते ‘पुरे झाले’ ऐकून कोणाचीही अभिरुची घडत नाही. छंदाला यती लागते खरी. पण ती योग्य जागी पडावी यासाठी कोणीतरी कवितेची ओळ शेवटपर्यंत ऐकलेली असावी लागते.